मागचे दिवे

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या विजेवर लेख लिहायला घेतला आहे, हे कळल्यावर आमच्या वर्गात हशा पिकला. एकाने विचारले, "अलंकार कोणता घालणार? विद्युतोपमा?" मी काही बोललो नाही. माझे विजेचे ज्ञान खरोखरच बेताचे आहे. घरातला फ्यूज उडाला, तर मी आधी मेणबत्ती शोधायला धावतो. तरीही हा लेख लिहितो आहे. कारण गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या गाडीत एक लहानसा बिघाड झाला, आणि त्याचे मूळ जिथे सापडले ती जागा सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आमचे अण्णा प्रवासी गाडी चालवतात. गेली २६ वर्षे ते हेच करीत आले आहेत. आधी दुसऱ्याच्या जीपवर होते, वेरूळ-अजिंठ्याच्या प्रवाशांची ने-आण करीत. आता गाडी स्वतःची आहे. म्हणजे निम्मी बँकेची आणि निम्मी अण्णांची. या २६ वर्षांत त्यांनी घर बांधले, ताईचे लग्न केले, मला कॉलेजात घातले. आणि या सगळ्याचे भाडे त्यांच्या उजव्या गुडघ्याने भरले. अ‍ॅक्सिलरेटरवर तासन्‌तास एकाच कोनात ठेवलेला पाय रात्री घरी आल्यावर सरळ होत नाही. डॉक्टर म्हणाले, "गुडघ्याला विश्रांती द्या." गुडघ्याला विश्रांती दिली, तर चुलीलाही द्यावी लागेल, हे डॉक्टरांना कोण सांगणार?

म्हणून दोन वर्षांपूर्वी जुनी डिझेल गाडी घेताना अण्णांनी एकच अट घातली. रंग कोणताही चालेल, गाद्या फाटलेल्या चालतील, पण गाडीत क्रूझ कंट्रोल हवा.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्टिअरिंगवर दोन बटने असतात. पहिले दाबले की समोरच्या मीटरमध्ये एक छोटा दिवा लागतो. म्हणजे यंत्र तयार आहे. दुसरे दाबले की त्या क्षणी गाडीचा जो वेग असेल तो यंत्र धरून ठेवते. चढ आला की इंधन वाढवते, उतार आला की कमी करते. चालकाने पाय काढून घ्यावा, हात स्टिअरिंगवर आणि डोळे रस्त्यावर ठेवावेत. ब्रेकला किंवा क्लचला पाय नुसता लागला, की यंत्र वेग सोडून देते आणि गाडी पुन्हा चालकाच्या हवाली करते.

ही कल्पना ज्याला सुचली तो माणूस आंधळा होता, हे मला हल्लीच कळले. राल्फ टीटर हा अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला अभियंता. वयाच्या पाचव्या वर्षी एका अपघातात त्याची दृष्टी गेली. त्याचा वकील त्याला मोटारीतून नेई. हे वकीलसाहेब बोलायला लागले की गाडी हळू होई, आणि ऐकायला लागले की वेग वाढे. या हिसक्यांनी टीटर वैतागला, आणि त्यातून वेग एकसारखा राखणारे यंत्र त्याच्या डोक्यात आले. १९५० मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि १९५८ मध्ये क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांत ते प्रथम बसले. ज्याला स्वतःला रस्ता दिसत नव्हता, त्याने गाडी चालवणाऱ्यांच्या पायांना विसावा दिला!

या यंत्राला रस्ताही तसाच लागतो. आमच्या शहरात ते लावण्याचा विचारही करू नये. क्रांती चौकापासून सिडकोपर्यंत ब्रेकवरचा पाय निघत नाही. पण ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा उघडून ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. आमच्या शहराजवळ सावंगीला आणि माळीवाड्याला त्यावर चढता-उतरता येते. सिग्नल नाही, चौक नाही, समोरून येणारे वाहन नाही. मोटारींना तेथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. अण्णा मात्र ९५च्या पुढे जात नाहीत. क्रूझ लावायचा, पाच-सात मिनिटे गुडघा मोकळा करायचा, मग थोडा वेळ पुन्हा स्वतःच्या पायाने चालवायचे, असा त्यांचा शिरस्ता. "सरळ रस्ता झोप आणतो," असे ते म्हणतात. "पायाला काम नसलं की डोळे बी सुट्टी मागतेत."

तर जुलैअखेर हा क्रूझ बिघडला.

बिघाड चमत्कारिक होता. सावंगीहून महामार्गावर चढले की क्रूझ नीट लागे. पंधरा-वीस मिनिटे चाले. मग एकदा सुटला, की पुन्हा वेग धरायला तयार होत नसे. बटन कितीही दाबा. तयारीचा दिवा तेवत राही, पण वेग काही धरला जात नसे. अण्णा शिर्डीचे, नागपूरचे भाडे करून येत, आणि रात्री आई गुडघ्याला तेल लावताना एरवी बोलणारा माणूस गप्प बसून राही. त्या गप्प बसण्याचा अर्थ आम्हा सर्वांना कळत असे.

शेवटी त्यांनी गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथे गाडीला संगणक जोडला, एक कागद छापून हातात दिला आणि सांगितले, "स्टिअरिंगवरची बटनं बदलावी लागतील, आणि आतली क्लॉक स्प्रिंगसुद्धा. १८,००० रुपये होतील." क्लॉक स्प्रिंग म्हणजे स्टिअरिंगच्या आत घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली तारांची पट्टी. स्टिअरिंग कितीही फिरले तरी बटनांची वीज तिच्यातून न तुटता वाहत राहते. अण्णांनी कागदाची चौघडी करून खिशात घातली. घरी येऊन म्हणाले, "राहू दे. गुडघा हाय की अजून."

१८,००० रुपये म्हणजे आमच्या घरी काय, हे मी इथे मांडून दाखवत नाही. वर्गातल्या बऱ्याच जणांना ते न सांगता कळेल.

आईने मात्र हट्ट धरला. "त्या मोंढ्याच्या चाचांना एकदा दाखवा तर खरं." हे चाचा मोंढ्याच्या मागच्या गल्लीत गाड्यांच्या वायरिंगचे काम करतात. दुकान कसले, एक पत्र्याची शेड. भिंतीला रंगीबेरंगी वायरींची भेंडोळी, कोपऱ्यात बॅटऱ्या, आणि दारात एक स्टूल. रविवार होता, मला सुट्टी होती, म्हणून मीही गेलो.

मला वाटले होते, चाचा लगेच बॉनेट उघडतील. त्यांनी आधी चहा मागवला, आणि मग नाडी पाहणाऱ्या वैद्यासारखे प्रश्न सुरू केले.

"भाऊ, बंद कब पडता?"

"सावंगीहून चढलो की पंधरा-वीस मिनिटांनी."

"शहर में?"

"शहरात लावतच नाही ना, चाचा."

"हरी बत्ती रहती?"

"बत्ती राहते. वेग धरत नाही."

"टोल पे गाडी बंद करके चालू करे, तो?"

अण्णांनी आठवून पाहिले. "तसं केलं की लागतो पुन्हा. थोडा वेळ."

चाचा हसले. "तो बटन कायकू बदली करना? मरा हुआ बटन टोल पे जिंदा होता क्या? मशीन मरी नहीं भाऊ, रूठी है. किससे रूठी, वो देखना."

मला हे एकदम पटले. बटन तुटले असते, तर ते सावंगीलाही तुटलेले राहिले असते आणि टोलनाक्यावरही. गाडी बंद करून चालू केल्यावर यंत्र पुन्हा राजी होते, याचा अर्थ त्याला वेग धरता येतो. वाटेत कुठेतरी त्याला असे काही दिसते, की ज्यामुळे ते नको म्हणते. हा नकार बटनाचा नव्हता. मागे बसून सगळ्या तारांचे ऐकणाऱ्या गाडीच्या संगणकाचा होता.

चाचांनी आपले एक छोटे यंत्र स्टिअरिंगखालच्या खाचेत बसवले. त्यांच्या मोबाइलवर एक आकडा आला: पी ०५७१. खाली इंग्रजीत त्याचा अर्थ होता. चाचांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "तू कॉलेज का है ना बेटा? पूरा पढ."

मी वाचले. त्यात दोन गोष्टींची नावे शेजारीशेजारी होती. आधी क्रूझ कंट्रोल, मग एक तिरकी रेघ, आणि तिच्यापुढे ब्रेकचा स्विच. अण्णांनी खिशातला वर्कशॉपचा कागद काढला. त्यावरही हेच वाक्य छापलेले होते. वाचणाऱ्याने रेघेच्या अलीकडचे वाचले आणि तो तिथेच थांबला होता. आमचे सर कवितेच्या तासाला नेहमी बजावतात, की ओळ अर्धी वाचून रसग्रहण लिहू नका. ही सूचना मोटारींनाही लागू पडेल, असे त्यांना स्वतःलाही वाटले नसेल.

तरी चाचांनी बटनांवरचा संशय तसाच सोडून दिला नाही. त्यांनी मला हॉर्न वाजवायला लावला; स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवून, मग उजवीकडे पूर्ण वळवून. हॉर्नची वीजही त्याच पट्टीतून जाते. हॉर्न दोन्हीकडे खणखणीत वाजला. एअरबॅगचा धोक्याचा दिवाही विझलेला होता. त्याचीही वाट तीच. "पट्टी ठीक है," चाचा म्हणाले. मग त्यांनी फ्यूज पाहिले. मग क्लचचा स्विच पाहिला. टेस्ट लॅम्पची सुई एकेका ठिकाणी टेकवायची. दिवा लागला की पुढच्या ठिकाणी जायचे.

ते पाहताना मला आपल्या पाणचक्कीची आठवण झाली. मलिक अंबरच्या काळापासून या शहराने डोंगरातले पाणी नहरींनी गावात आणले. पाणचक्कीचे पाणीही असेच दूरच्या झऱ्यातून खापरी नळांनी येते, आणि मग त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरते. जाते थांबले म्हणून कुणी जात्याचा दगड फोडून पाहील काय? पाणी कुठपर्यंत येते आणि कुठे येत नाही, हे पाहत त्याला नहरीच्या कडेकडेने जावे लागेल. चाचा तेच करीत होते. वर्कशॉपने जाते बदलायला सांगितले होते.

आता राहिला ब्रेकचा स्विच. हा स्विच ब्रेकच्या पायपट्टीच्या वरच्या अंगाला, डॅशबोर्डखालच्या अंधारात असतो. मला वाटे, त्याचे काम एकच. ब्रेक दाबला की मागचे लाल दिवे लावणे. चाचांनी सांगितले, की त्याच्या पोटात दोन स्विच असतात. पाय पडला की एक जुळतो आणि दिवे लावतो. त्याच वेळी दुसरा तुटतो. संगणक दोघांचेही ऐकतो. "एक पाव, दो गवाह," चाचा म्हणाले. एक साक्षीदार म्हणतो, पाय पडला. दुसऱ्यानेही आपल्या उलट्या भाषेत तेच म्हटले पाहिजे. दोघांची साक्ष जुळली, तर संगणक विश्वास ठेवतो. एक म्हणाला पाय पडला आणि दुसरा म्हणाला नाही पडला, तर खरे कोणाचे, हे त्याला ठरवता येत नाही. मग तो क्रूझ बंद करून टाकतो, आणि गाडी पुन्हा सुरू करीपर्यंत ऐकत नाही.

मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटली. ब्रेक दाबला गेला की नाही, याची ज्याला खात्री नाही, त्याने वेग धरून ठेवण्याची जबाबदारी घेऊच नये. आम्ही तीन आठवडे ज्याला बिघाड म्हणत होतो, तो त्या यंत्राचा सावधपणा होता.

"बेटा, पीछे खडा रह," चाचा म्हणाले.

मी गाडीच्या मागे जाऊन उभा राहिलो. अण्णा आत बसून ब्रेक दाबू लागले.

"लागले!" मी ओरडलो. "लागले! लागले!"

डावा, उजवा आणि काचेतला वरचा, तिन्ही दिवे दर वेळी लागत होते. दहा-बारा वेळा पाहिले. मला वाटले, झाले. ब्रेकचा स्विचही निर्दोष ठरला. आता १८,००० रुपयांचीच वाट उरली. पण चाचा म्हणाले, "खडी गाडी तो सच बोलतीच. चलती गाडी को पूछना पडता." असे म्हणून त्यांनी बॅटरी तोंडात धरली, पाठीवर झोपून ते डॅशबोर्डखाली शिरले आणि अण्णांना ब्रेक दाबून धरायला सांगितले. मग आतून त्यांनी एकेका वायरीचा जुडगा हळूहळू हलवायला सुरुवात केली. जसा रस्ता हलवतो तसा.

"लागलेत," मी म्हणत होतो. "लागलेत... लागलेत..."

आणि एकदम तिन्ही दिवे गेले.

"गेले!"

परत लागले. परत गेले. अण्णांचा पाय ब्रेकवर तसाच दाबलेला होता, आणि दिवे मात्र वाऱ्यावरच्या पणतीसारखे ये-जा करीत होते.

चाचा आतूनच म्हणाले, "मिल गया." स्विचला जोडणारा वायरींचा कपलर निम्मा बाहेर आला होता. त्याची अडकवण सुटली होती, आणि दिव्यांच्या वायरीची पिन केसभर टेकून होती. उभ्या गाडीत ती टेकलेली राही. महामार्ग काँक्रीटचा आहे. त्याच्या एकेका जोडावरून टक-टक करीत पंधरा-वीस मिनिटे गेली, की पिन सुटे. मग अण्णांनी ब्रेकला पाय लावला, की एक साक्षीदार बोले आणि दुसरा मुका राही. ती तफावत पाहून संगणक रुसे. टोलनाक्यावर गाडी थांबली, की पिन पुन्हा टेके आणि पहिल्यापासून सुरुवात होई.

"पण ते निघालं कसं?" अण्णांनी विचारले.

चाचांनी उत्तर दिले नाही. आत एक बारीक काळी वायर ताठ ओढली गेली होती. ती त्यांनी दोन बोटांत धरली, कुठून येते ते पाहिले, आणि मग माझ्याकडे पाहिले.

ती वायर माझी होती.

मे महिन्यात मी गाडीत कॅमेरा बसवला होता. रात्री-अपरात्री भाडे करताना कुणाशी वाद झाला, तर पुरावा असावा म्हणून. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि बसवणावळीचे २०० रुपये वाचवले. आरशामागून वायर काचेच्या कडेने खाली आणली, डॅशबोर्डखाली घेतली, आणि ती लोंबू नये म्हणून जो पहिला जुडगा हाताला लागला त्याला प्लास्टिकच्या पट्टीने करकचून बांधून टाकली. तो जुडगा कशाचा, हे मी पाहिले नव्हते. काम नीटनेटके झाले म्हणून आईने कौतुक केले होते. मीही दोन मित्रांना दाखवले होते. ती ताणलेली वायर त्या दिवसापासून कपलरला रोज थोडीथोडी ओढत होती.

पण हे उमगून मला जी लाज वाटली, ती अजून थोडीच होती. खरा घाम मला एका मिनिटाने फुटला. क्रूझ सुटला होता, त्या प्रत्येक वेळी मागचे दिवेही गेलेले होते! तीन आठवडे अण्णा समृद्धीवर प्रवासी घेऊन जात होते. ब्रेक दाबत होते. गाडी हळू होत होती. आणि मागून येणाऱ्याला ते कळायला काही मार्गच नव्हता. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे येते. १५ ऑक्टोबर २०२३च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात, वैजापूरजवळ, याच महामार्गावर एक मिनीबस पुढच्या ट्रकवर मागून आदळली आणि १२ माणसे गेली. त्या अपघाताची कारणे वेगळी होती. पण मागच्याला पुढचा वेळेवर न कळण्याचे मोल काय असते, हे तेव्हापासून या जिल्ह्यात कुणाला सांगावे लागत नाही.

अण्णांना गुडघा दुखल्याचे कळत होते. क्रूझ सुटल्याचे कळत होते. मागचे दिवे गेल्याचे त्यांना कळणे शक्यच नव्हते. आपल्या पाठीमागचा दिवा आपल्याला कधी दिसत नाही. तो दुसऱ्यासाठी असतो, आणि लागला की नाही हे दुसऱ्यानेच सांगायचे असते. सांगणारे एकच होते, ते यंत्र. ते आपल्या परीने दर वेळी सांगत होते, आणि आम्ही त्याची १८,००० रुपयांची दुरुस्ती करायला निघालो होतो.

चाचांनी कपलर काढला. पिना घासून साफ केल्या, ढिली पिन सुईने आवळली, आणि कपलर खट्‌कन आवाज होईपर्यंत आत दाबला. माझी वायर सोडवून वेगळ्या वाटेने नेली. मोबाइलवरून संगणकातला आकडा पुसला. मग पुन्हा जुडगा हलवून पाहिला, पुन्हा मला मागे उभे केले. या वेळी दिवे लुकलुकलेसुद्धा नाहीत. ३०० रुपये घेतले. अण्णांनी पुन्हा विचारले, "नेमकं काय झालं होतं, चाचा?"

"वायर ढिली थी, भाऊ," एवढेच चाचा म्हणाले, आणि हात पुसत स्टुलावर जाऊन बसले. माझे नाव त्यांनी घेतले नाही. ते त्यांनी माझ्यावर सोडले.

गाडी तपासून पाहायला आम्ही सावंगीहून महामार्गावर चढलो. पाऊस नुकताच उघडला होता. अण्णांनी ९०वर क्रूझ लावला आणि पाय बाजूला घेतला. पाच मिनिटे झाली, दहा झाली. मी वाक्य मनात जुळवत होतो. वक्तृत्व स्पर्धेत मी बक्षिसे घेतली आहेत. पण ते एक वाक्य काही केल्या ओठांवर येईना. माळीवाड्याची पाटी दिसली, तेव्हा म्हणालो, "अण्णा, ती वायर मी बांधली होती. कॅमेऱ्याची."

अण्णांनी ब्रेकला हलकेच पाय लावला. क्रूझ सुटला. गाडी डाव्या अंगाला घेऊन ते उतरणीच्या रस्त्याला लागले. दूर दौलताबादचा किल्ला ढगात डोके खुपसून बसला होता.

"ठावं हाय," ते म्हणाले. "चाचा तुझ्याकडं बघायलते ना, तवाच कळलं."

मी गप्प. वाटले, आता बोलतील. रागावले असते तर मला बरे वाटले असते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मी बी तीन आठवडे वर्कशॉपचा कागद खिशात घालून फिरलो. एकदा बी गाडीमागं कुणाला उभं केलं नाही. सव्वीस वर्षं झाली चालवायलोय, पहिल्या उस्तादानं हेच शिकवलं होतं, गाडी काढायच्या आधी दिवे बघायचे. क्रूझ आला, कॅमेरा आला, आणि तेवढं राहून गेलं." मग टोल भरून झाल्यावर म्हणाले, "आता उद्यापासून सकाळी तू मागं उभं राहायचं."

तेव्हापासून तसे चालू आहे. सकाळी सहाला अण्णा गाडीत बसतात. मी डोळे चोळत मागे जाऊन उभा राहतो. ते ब्रेक दाबून धरतात, गाडी थोडी हलवतात, पुन्हा दाबतात. आरशात त्यांचे अर्धे कपाळ तेवढे दिसते. परीक्षेच्या दिवसांत रात्री जागून झोपलेलो असलो, तरी ते हाक मारतातच. आणि मी म्हणतो, "लागले."

ते ऐकल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर पडत नाही.

– तृतीय वर्ष, कला